तारेचा बैल



व्याख्यानाच्या आरंभी वक्त्याने आपली अपात्रता कबूल करावी असा आपल्याकडे एक प्रघात आहे. माझ्या बाबतीत ती निव्वळ वस्तुस्थिती आहे. एकतीस वर्षे मी चित्रकलेचा शिक्षक होतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या स्थिरचित्रातले कलंडलेले तांबे सरळ उभे करणे, हे माझे जीवितकार्य. शिल्प म्हणून माझ्या हातून जे काही घडले ते दिवाळीतले मातीचे किल्ले, आणि एका वर्षी विसर्जनाआधीच तुटलेला शाळेच्या गणपतीचा कान. तो कान बरा बसला होता. पण तेवढ्या भांडवलावर शिल्पकलेविषयी बोलायला उभे राहावे असे कोणी म्हणणार नाही. तरी मी आलो, आणि ज्यासाठी आलो ते या मंडपात शिरताना उजव्या हाताला एका टेबलावर मांडून ठेवले आहे.

येताना आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले. मी मुद्दाम खांबाआड उभा राहून ऐकत होतो. एक गृहस्थ म्हणाले, "केबलवाल्याचं सामान राहिलेलं दिसतंय." एका बाईंनी आपल्या नातवाला सांगितले, "हात नको लावू, शॉक बसेल." आणि एक म्हातारबाबा बराच वेळ वाकून बघत राहिले नि म्हणाले, "बैल हाय." एवढेच म्हणाले आणि पुढे जाऊन बसले. आजच्या व्याख्यानाचा विषय खरे म्हणजे त्या म्हातारबाबांनी दोन शब्दांत संपवलेला आहे. पण संयोजकांनी मला एक तास दिला आहे, तो मी परत करणार नाही.

टेबलावरच्या त्या सहा वस्तू याच गावातल्या एका मुलीने केलेल्या आहेत. ती मुंबईला शिल्पकलेच्या पदवीचा अभ्यास करते. तिसरे वर्ष आता संपत आले आहे. नाव सांगू नका असे तिने मला बजावले आहे, तेव्हा मी सांगत नाही. अर्थात चऱ्होलीत नाव लपवणे म्हणजे वाघेश्वराची टेकडी पदराखाली झाकण्यासारखे आहे, हे मीही जाणतो.

ही मुलगी सुट्टीत घरी आली तेव्हा तिला काम करायचे होते आणि कामाला माती नव्हती. माती आणता आली असती. इंद्रायणीकाठच्या गावात मातीला तोटा नाही. पण आता घर दोन खोल्यांचे, खाली फरशी, आणि आईचे म्हणणे असे की, "एवढा चिखल करायचा होता तर आपण शेत का विकलं?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. मातीचा पुतळा करणे म्हणजे नुसती माती मळणे नव्हे हेही आपण लक्षात घ्यावे. आधी माती, मग ती रोज ओल्या फडक्याने झाकून ठेवणे, मग त्यावर प्लॅस्टरचा साचा, मग साच्यातली माती उकरून काढणे, मग साच्यात ओतकाम, मग छिन्नीने तो साचा फोडणे. जागा हवी, पाणी हवे, पैसा हवा, आणि "हा पसारा कधी आवरणार?" असे न विचारणारी माणसे हवीत. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ.

तिच्या खिडकीसमोर चौदा मजल्यांची इमारत उभी राहते आहे. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. तेव्हा येथे ज्वारी डोलत होती. आज क्रेन डोलतात. सळ्या बांधण्याची जी काळी तार असते तिचे वीतवीतभर तुकडे अशा इमारतीखाली रोज पडलेले असतात. मुकादमाला विचारून तिने ते पिशवीभर उचलून आणले. मुकादमाने विचारले, "कशाला पाहिजे?" ती म्हणाली, "आजी करायची आहे." त्याने आणखी अर्धे भेंडोळे दिले. माणसे विचारतात तितकी कठोर नसतात.

आता मला थोडे मागे जाऊ द्या, कारण एक गोष्ट मला या व्यासपीठावरून सांगायचीच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. चित्रकलेत कच्चा. तांब्या काढायला सांगितला तर त्याचा घडा होई. एके दिवशी तपासणी होती. सगळा वर्ग चिडीचूप वह्यांत माना घालून बसलेला, आणि हा पठ्ठ्या बाकाखाली काहीतरी करीत होता. मी जाऊन हात धरला. हातात तारेचा बैल होता. जुन्या छत्रीची तार, सायकलच्या चाकाच्या दोन आऱ्या, गळ्यात सोडावॉटरच्या बाटलीचे बूच. मी तो बैल त्याच्या हातून घेतला आणि खिडकीतून बाहेर टाकला. "खेळ घरी करायचे," असेही म्हणालो. तो मुलगा रडला नाही. त्याने वही उघडली आणि घड्यासारखा तांब्या काढायला घेतला. तपासणी उत्तम झाली.

त्या बैलाची मान मला अजून आठवते. जू उतरल्यावर बैल मान कशी झटकतो, ती झटकलेली मान त्या पोराने एका वळणात पकडली होती. माझ्या एकतीस वर्षांत माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने कागदावर तसली रेघ काढली नाही, आणि ती निघाली त्या दिवशी मी ती फेकून दिली. म्हणून आज आलो.

असो. विषयाकडे वळतो.

शिल्पकलेत तार नवी नाही. आपल्या चौकाचौकांत जे पुतळे उभे आहेत त्यांतला कोणताही मातीत घडताना आतून पाहता आला, तर काय दिसेल? लाकडी पाटावर ठोकलेली लोखंडी कांब, तिच्यावर पिळून बसवलेली तार, आणि माती घसरू नये म्हणून तारेला लोंबकळणाऱ्या लाकडाच्या बारक्या फुल्या. शिल्पशाळेत याला आर्मेचर म्हणतात. आपण सांगाडा म्हणू. विद्यार्थी पहिल्या दिवशी तो बांधतो, दुसऱ्या दिवसापासून मातीखाली पुरतो, आणि काम संपले की तो उपटून पुढच्या पुतळ्याला वापरतो. म्हणजे पुतळ्याचा सगळा तोल, खांद्यांचा कल, एका पायावरचा भार हे त्या तारेने आधीच ठरवलेले असते. आणि हार पडतो तो वरच्या कातडीला.

गणपतराव म्हात्रे यांचे 'मंदिरपथगामिनी' आपण निदान छायाचित्रात तरी पाहिले असेल. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी असतानाच, १८९६ च्या सुमारास, त्यांनी ते प्लॅस्टरमध्ये केले. संगमरवर नाही, पितळ नाही, विद्यार्थ्याला परवडणारे साधे प्लॅस्टर. आणि त्यात त्या मराठी मुलीचे लुगडे असे चापूनचोपून नेसवले की निऱ्या मोजाव्यात. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर हे दुसरे उदाहरण. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजीमहाराजांचे चित्र काढले होते. ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी पोराला जे. जे. स्कूलला धाडले. पुण्यातला १९२८ चा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण त्यांच्या सासवण्याच्या घरी जाऊन पाहा. तेथे अंगणात म्हैस बसली आहे, कोळिणी आहेत, आणि त्यांतले कितीतरी काम सिमेंटचे आहे. ज्या सिमेंटने आपण मोरी बांधतो, त्याच सिमेंटचे.

ही दोघे थोर माणसे. पण दोघांचीही तार आतच राहिली. ती बाहेर काढली एका अमेरिकन गृहस्थाने. अलेक्झांडर काल्डर त्याचे नाव, जन्म १८९८. बाप शिल्पकार, आजा शिल्पकार. आज्याने केलेला पुतळा फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या शिखरावर उभा आहे, सदतीस फूट उंच, ब्राँझचा. अशा घरातल्या मुलाने काय करावे? त्याने आधी यंत्रविद्येची पदवी घेतली आणि नंतर पॅरिसला जाऊन १९२६ पासून तार, बूच, चिंध्या, लाकडाचे तुकडे यांची एक सर्कस केली. कसरतपटू, सिंह, घोडेस्वारीण, सगळे वीतभर उंचीचे. जमिनीवर बसून दोऱ्या ओढून नि दट्ट्या फिरवून तो स्वतः त्यांचे खेळ करून दाखवी, आणि पॅरिसचे नामवंत चित्रकार ते पाहायला येत. ती सर्कस सूटकेसमध्ये भरून तो गावोगाव हिंडत असे. आज ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. त्याच सुमारास त्याने माणसांचे चेहरे नुसत्या तारेने काढायला सुरुवात केली. कागदाच्या ऐवजी हवेत काढलेले चित्र म्हणा ना. पुढे त्याने पत्र्याची पाने तारेला टांगून वाऱ्यावर डुलणारी शिल्पे केली. त्यांना 'मोबाइल' हे नाव मार्सेल द्युशांने १९३१ साली दिले. आपल्या खिशात आज जो मोबाइल वाजतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही, हे पुढच्या रांगेतल्या तरुणांसाठी सांगतो. १९५५ च्या जानेवारीत हा गृहस्थ आपल्या देशात येऊन गेला. अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे उतरला होता आणि तेथेही त्याने शिल्पे केली.

शिल्प चालते म्हटल्यावर पॅरिसच्या लोकांना नवल वाटले. आपल्याला वाटायचे कारण नाही. भिंत चालवल्याची कथा आपल्या शेजारी, नदीकाठी दोन कोसांच्या आत, सातशे वर्षे सांगितली जाते आहे.

पण काल्डर कितीही मोठा असला तरी घरचा खाऊनपिऊन सुखी. मला आपल्या या मुलीला दुसऱ्याच एका बाईंची गोष्ट सांगाविशी वाटली, आणि ती मी तिला सांगितलीही. रूथ असावा, जन्म १९२६, कॅलिफोर्निया. आईबाप जपानहून आलेले, भाजीपाल्याची शेती करणारे. लहानपणी ही मुलगी जमीन सपाट करायच्या औताच्या मागे बसून पाय खाली सोडी, आणि तिच्या अंगठ्यांनी मातीत वळणावळणाच्या रेघा उमटत जात. औतावर बसलेल्या पोराला ही मौज नव्याने सांगायला नको. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या माणसांना पकडून छावण्यांत नेले. हे कुटुंबही गेले. सुटल्यावर ती शिक्षिका व्हायला एका अध्यापक महाविद्यालयात गेली; पण पदवीसाठी शाळेत शिकवण्याचा जो सराव लागतो तो जपानी वंशामुळे तिला मिळेना. मग ती ब्लॅक माउंटन कॉलेज नावाच्या एका लहानशा, विक्षिप्त महाविद्यालयात गेली. तेथे योझेफ आल्बर्स हे शिक्षक होते. साधा कागद, तार, वाळलेली पाने असले काहीतरी द्यायचे आणि या वस्तूला काय येते ते शोधा म्हणायचे, अशी त्यांची पद्धत. १९४७ च्या उन्हाळ्यात ती मेक्सिकोत तोलुका येथे गेली. तेथल्या बाजारात अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या होत्या, फासात फास अडकवून विणलेल्या. ते विणकाम ती गावकऱ्यांकडून शिकली, परत आली आणि त्याच फासांनी आकार विणू लागली. भोपळ्यात भोपळा, त्याच्या पोटात आणखी एक, छताला टांगलेले, आरपार दिसणारे. पुढे सहा मुले झाली. मुले भोवती खेळत असत आणि बाई तार विणत असत. तारेला ओला कपडा लागत नाही, भट्टी लागत नाही. दूध उतू जायला लागले की खाली ठेवून उठता येते. २०१३ साली त्या वारल्या, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या शिल्पांची तिकिटे काढली.

मुंबईतच १९४९ साली जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तर तागा-अंबाडीच्या दोराला गाठी मारमारून माणसाहून उंच देवतांसारख्या आकृती उभ्या केल्या. २०१५ साली त्या गेल्या. सुतळी हा शब्द पुढे जेव्हा आपण तुच्छतेने उच्चाराल तेव्हा त्यांची आठवण ठेवावी.

आता तारेविषयी दोन शब्द, कारण ही वस्तू दिसते तितकी सरळ नाही. जाड कांब लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली की तार होते. सोनाराची जंतरपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे माहीत आहे. ओढताना तार ताठर होते. ती पुन्हा लालभडक तापवून सावकाश निवू दिली की मऊ पडते. सळ्या बांधायची तार अशी तापवून मऊ केलेली असते, म्हणून ती काळी दिसते आणि बोटांनी वळते. पण एकाच जागी चारदा वाकवा, तेथे ती पुन्हा कडक होते आणि पाचव्या-सहाव्यांदा तुटते. पेन्सिलीची रेघ चुकली तर खोडता येते. तारेचे वळण चुकले तर ती जागा चूक लक्षात ठेवते. म्हणून हात लावण्याआधी मनात वळण पक्के असावे लागते. गेज वाढला की तार बारीक होते, हा उलटा हिशेब प्रथम सगळ्यांनाच चकवतो; अठरा गेजची तार सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर, वीस गेजची त्याहून बारीक.

आजीचे शिल्प वीस गेजचे आहे. सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडणारी म्हातारी. तार एकच, बारा हात लांब. पायाच्या अंगठ्यापासून निघाली आहे, पाठीच्या कण्यावरून वर गेली, अंबाड्याला वेढा घालून चेहऱ्यावरून उतरली आणि सुपात जाऊन संपली. सुपात तांदूळ नाहीत, पण ते आहेत असे आजीच्या मानेवरून कळते. खुद्द आजींनी ते पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई गं, माझं सगळं आतडं-काळीज वाऱ्यावर टाकलंस की!" याहून चांगली समीक्षा मला करता येणार नाही. रात्री दिवा लावला की भिंतीवर तिची सावली पडते. दिवा हलला की म्हातारी हलते.

येथे मला एका शब्दप्रयोगाविषयी माझी चीड व्यक्त करू द्या. असे काही दिसले की लोक लगेच म्हणतात, "टाकाऊतून टिकाऊ!" शाळाशाळांतून या मथळ्याखाली बांगड्यांचे मोर नि पिस्त्याच्या सालींची फुले मी इतकी तपासली आहेत की त्या दोन शब्दांनी मला घेरी येते. पहिली गोष्ट, ही तार टिकाऊ नाही. दोन पावसाळ्यांत गंजेल. दुसरी गोष्ट, ती टाकाऊ होती म्हणून आजी चांगली झाली असे मुळीच नाही. फुकटात मिळालेल्या वस्तूचे वाईट शिल्पही करता येते आणि बहुतेक वेळा तेच होते. वस्तू साधी असल्याचा फायदा एवढाच की ती बिघडवायची भीती वाटत नाही, म्हणून पोर पन्नासदा करून पाहते.

अशा साध्या वस्तूंचे मर्म जाणणारा एक माणूस आपल्याच औद्योगिक पट्ट्यातून गेला. अरविंद गुप्ता हे टेल्कोत अभियंता होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यातल्या मुलांच्या विज्ञानशिक्षणासाठी गेले, आणि तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी नि आगपेटीच्या काड्या जोडून आकृती करायला शिकवले. चार काड्यांचा चौकोन करा, तो डुगडुगतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. पुढे पुण्याच्या आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे असल्या खेळण्यांना दिली. ते विज्ञानाचे खेळणे खरे. पण हा त्रिकोण आपल्या मुलीच्या बैलाच्या कामी आला, म्हणून सांगितले.

कारण तो बैल उभा राहीना. सुंदर काढला होता, शिंगे, पोळी, शेपटीचा गोंडा, सगळे. आणि टेबलावर ठेवला की पुढच्या गुडघ्यांवर बसे. तिने पायांत आडव्या-तिरप्या तारा घालून त्रिकोण केले. तेव्हा बसायचा थांबला, पण पालखीच्या दांड्यासारखा ताठ दिसू लागला. तिच्या कामातला मोठा दोष येथे मला दिसतो आणि तो मी तिला सांगितला आहे. तिची तार अजून कागदावरची रेघ आहे. आजी समोरून पाहा, अप्रतिम. पाठीमागे जाऊन पाहा, गुंता. ज्याच्याभोवती फिरता येत नाही ते शिल्प अर्धे चित्रच राहिले. म्हात्र्यांची ती मुलगी पाठमोरीही देवळात जात असते.

तिचे वडील हे सगळे दारात उभे राहून बघत होते. त्यांचा या प्रकाराला विरोध होता म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना चिंता होती. आज सकाळी चहा पिताना त्यांनी मला विचारले, "सर, एक वर्ष राहिलंय हिचं. शेवटल्या वर्षाची फी भरू का? का आता चाकणला एखाद्या कंपनीत चिकटवून देऊ? हे तारंचं करून पोट भरतं का?" मी त्यांना खोटे सांगितले नाही. पुतळ्यांची कामे मिळतात, पण ती ज्याची कार्यशाळा मोठी त्याला. नाटक-सिनेमाची सजावट आहे, गणपतीचे कारखाने आहेत, शाळेत नोकरी मिळाली तर मिळाली. तारेने पोट भरते असे मी म्हटले नाही. मी म्हटले, वर्ष पुरे होऊ द्या. अर्धवट सोडलेले शिक्षण कंपनीतही कोणी विचारत नाही. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नाही ते मला कळले नाही.

मग मी त्यांना विचारले, "हा बैल तुम्हांला कसा वाटतो?"

त्यांनी बैलजोडी विकून अकरा वर्षे झाली आहेत. ते उठले, बैलाच्या बाजूला उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, "आगं, बैल म्हंजी काय खुर्ची हाय का? चारी पायांवर सारखा भार देत न्हाय त्यो. म्होरच्या पायांवर जास्ती असतो. तू म्होरचे पाय मागं घेतलेस, म्हणून त्यो तोंडावर येतोय. आन् वशिंड बघ कुठं गेलंय."

"कुठे असायला पाहिजे, आबा?" तिने विचारले.

त्यांनी स्वतःच पक्कड घेतली. पुढचे पाय बोटभर पुढे ओढले, खुरांपाशी जरा फाकवले. वशिंडाचे वळण सोडवताना तार तुटेल म्हणून मुलीने हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब." दोन बोटे पुढे, खांद्याच्या वर, त्यांनी ते नव्याने वळवले. तिने घातलेले त्रिकोण दोघांनी मिळून काढून टाकले. एकच ठेवला, पोटाखाली, दिसतो न दिसतोसा. मी चहाचा कप हातात घेऊन उभा होतो. चहा निवला.

टेबलावर आहे तो बैल त्यानंतरचा. जाताना मागच्या बाजूनेही पाहा. हात लावला तरी चालेल. तिने तशी परवानगी दिली आहे, आणि शॉक बसत नाही.